डोक्यावर दोन बोटं

बायकोने हात आडवा धरून गाडीतल्या लहान मुलांच्या सीटमध्ये बसलेल्या लेकीच्या, पिपाणीच्या, डोक्यावर ठेवला आणि तसाच मागे सरकवला. हात सीटच्या पाठीला जाऊन टेकायला हवा होता. तो टेकला नाही. वरच्या कडेवरून अलगद पलीकडे गेला. झालं ते एवढंच. तळघरातल्या पार्किंगमध्ये सकाळची घाई चालली होती, शेजारची गाडी मागे येताना टूं टूं करत होती, आणि उघड्या दारात वाकलेल्या बायकोने माप भरल्यावर वरून हात फिरवतात तसा आपला हात पुन्हा एकदा फिरवून बघितला.

"संपली हिची मुदत," ती म्हणाली. "सीट फिरवायला हवी आता."

"अजून बसते की उंचीत," तो म्हणाला. "परवाच मोजलीय मी, चौकटीला उभी करून."

"उभी मोजलीस. गाडीत काय उभ्याने जाते का ती?"

ती सीट दोन्ही तऱ्हांनी बसवता येणारी होती: मूल लहान आहे तोवर तोंड मागच्या काचेकडे, मोठं झालं की पुढे. लहान मुलाची मान नाजूक. गाडी आदळली तर झटका मानेवर न येता सगळ्या पाठीवर यावा, म्हणून जितके दिवस जमेल तितके दिवस मागे तोंड. पण त्यालाही हद्द असते. सीटच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर उंचीचा आकडा छापलेला होता, त्या आकड्याच्या आत पिपाणी अजून आरामात होती. दुसरा नियम डोक्याचा. डोकं आणि सीटच्या पाठीची वरची कड यांच्यात निदान दोन बोटं जागा राहायला हवी, आणि दोन्ही नियमांतला जो आधी संपेल तो खरा. पिपाणीचे पाय आखूड, धड लांब. सासूबाईंच्या मते हा सरळसरळ त्याच्या घराण्याचा दोष होता. त्यामुळे उभी राहिली की ती मापात बसायची, आणि बसली की बसायची नाही. हे त्याला बरेच आठवडे ठाऊक होतं. डोक्यामागची उशी एकेक खाच वर चढवत त्याने ती शेवटच्या खाचेला नेऊन ठेवली होती. उशी चढली की सीट उंच झाल्यासारखी दिसायची. पण मोजायची ती पाठीची कड, उशी नव्हे, हेही त्याला ठाऊक होतं.

"रविवारी फिरवतो," तो म्हणाला आणि गाडीत बसला. दार लागलं, पट्टा लागला, आणि रस्त्यावर उजेडात आल्याबरोबर तो चिडक्या, घोगऱ्या, म्हाताऱ्या बोक्याच्या आवाजात ओरडला, "हॅलो. हॅलो. कोणी आहे का तिथे?"

मागून उत्तर आलं, "नमस्कार. काय तक्रार आहे आपली?"

पिपाणीला पिपाणी म्हणायचे ते जन्मल्या दिवसापासून. तिने पहिला सूर लावला तेव्हा दोन खोल्यांपलीकडची नर्स बघायला आली होती म्हणे. आता चार पुरी व्हायला आलेली ही मुलगी रोज सकाळी पाळणाघरापर्यंतच्या रस्त्यात बोकोबाच्या तक्रारी सोडवायची. बोकोबाच्या घरी धुण्याचं यंत्र होतं आणि ते त्याच्या मुळावर उठलं होतं. त्यात त्याची शेपूट आटली होती. मिशांचा रंग गेला होता. चार मोजे टाकले की तीन निघायचे आणि चौथ्याच्या जागी शेजारणीचा रुमाल. पिपाणी सगळं शांतपणे ऐकून घ्यायची, मध्येच "एक मिनिट हं" म्हणून वरिष्ठांना विचारून यायची, आणि मग उपाय सांगायची. शेपूट आटली असेल तर उन्हात बसा. बोकोबा खवळायचा, पिपाणी हसता हसता उचकी लागेपर्यंत हसायची, आणि हे सगळं चालू असताना पुढे स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेल्या त्याच्या तोंडावरची एक रेषसुद्धा हलायची नाही.

हे त्याला पहिल्यांदा जाणवलं ते एका सिग्नलला. शेजारच्या गाडीतल्या बाई त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. त्याने सहज आपल्या आरशात बघितलं तर तिथे एक माणूस होता, गाल खाली सोडलेला, डोळे समोरच्या गाडीच्या नंबरावर, आणि त्या माणसाच्या तोंडातून बोकोबा बोलत होता. ओठ लागतील तेवढेच हलत होते. त्याला वाईट वाटलं नाही, आश्चर्यही फारसं नाही. बरं आहे, एवढंच वाटलं. पिपाणीची पाठ त्याच्या पाठीला होती. तिच्यासमोर मागची काच आणि मागे पडत जाणारा रस्ता, त्याच्यासमोर पुढचा, आणि दोघांमध्ये सीटचं ते जाड कवच. तिच्यापर्यंत पोचायचा तो नुसता आवाज, आणि आवाज चांगला ठणठणीत होता. मागच्या गादीला लावायचा एक छोटा आरसा आणलेला होता, त्यात दोघांना एकमेकांची तोंडं दिसायची. तो उन्हाळ्यात निखळून पडला तेव्हा त्याने उचलून खणात टाकला आणि नवा आणला नाही.

आवाज हा तर त्याचा धंदाच होता. धुण्याची यंत्रं, भांडी घासायची यंत्रं, असल्या वस्तू बनवणाऱ्या एका कंपनीच्या गिऱ्हाइकांचे फोन जिथे येतात तिथे तो बसायचा. लांबलचक खोली, खिडक्या न उघडणाऱ्या, पायाखाली आवाज गिळणारा गालिचा, आणि मधल्या पडद्यांमुळे एकमेकांना न दिसता एकमेकांपासून हातभर अंतरावर बसलेली चाळीस-पन्नास माणसं. नव्या मुलांना शिकवायचं काम त्याच्याकडे होतं. आवाजात हसू हवं, तो त्यांना सांगायचा. माणूस हसला की फोनवर ऐकू येतं. त्यासाठी प्रत्येकाच्या टेबलावर एक तळहाताएवढा आरसा ठेवलेला असायचा, आपलं तोंड हसरं आहे की नाही ते बघत बोलायचं. ही वरिष्ठ बाईंची कल्पना. बाई स्वतः कधी हसल्याचं कोणी बघितलं नव्हतं, यावर कँटीनमध्ये बरेच विनोद चालायचे. त्याचा आरसा गेले कित्येक महिने टेबलावर पालथा पडलेला होता आणि त्यावर तो चहाचा कप ठेवायचा. तरीही त्याचेच फोन नमुना म्हणून सगळ्यांना ऐकवले जात. "बघा, किती आपुलकी आहे," बाई म्हणायच्या, आणि तोही मान हलवून ती आपुलकी ऐकायचा. ती चांगली होती. कुणाची का असेना.

हे असं कधीपासून झालं, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारायचं टाळलं होतं असं नाही. उत्तर त्याला माहीत होतं, पण ते उत्तर दुसऱ्या कुणाच्या घरचं असल्यासारखं लांब उभं होतं. दुसऱ्या बाळाच्या वेळी सगळं ठरलेलं होतं. बाळ आलं की ही सीट बाळाला, तोंड मागे करून. पिपाणीला मोठी, पुढे तोंड असलेली. मोठी सीट त्या दोघांनी दुकानात जाऊन बघूनही ठेवली होती. पिपाणीला त्यात बसवून बघितलं तर ती उतरायलाच तयार होईना, आणि दुकानातली पोरगी म्हणाली, "ताई होणार ना आता तू?" तेव्हा पिपाणी म्हणाली, "मी झालेलीच आहे." सातव्या महिन्यात एका दुपारी बायकोचा ऑफिसात फोन आला. बाळ हलत नाहीये, ती म्हणाली. सकाळपासून हलत नाहीये. पुढचं सगळं त्याला तपशीलवार आठवायचं. दवाखान्यातल्या लिफ्टचं दार दोनदा उघडून मिटलं ते. डॉक्टरीणबाईंच्या कोटाला लागलेला शाईचा डाग. बायकोला औषधाने झोप लागलेली असताना नर्स बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "बाळाला बघायचंय का तुम्हाला?"

तो हो म्हणाला. त्याने बघितलं. मुलगा होता. किती वेळ बघितलं ते काही त्याला सांगता आलं नसतं. मग तो परत येऊन खुर्चीवर बसला, आणि ती जागी झाली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. उताणी पडून छताकडे बघत होती. छताकडे बघतच तिने विचारलं, "तू बघितलंस त्याला?"

"नाही," तो म्हणाला. आवाज इतका नीट आला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. मऊ, शांत, विश्वास बसावा असा. गिऱ्हाइकाला बरं वाटेल असा. "नाही बघितलं मी."

"बरं झालं," ती म्हणाली. आणि दार लागावं तसं ते बोलणं तिथे बंद झालं.

नंतर ती रडली. आठवडेच्या आठवडे रडली. भांडी विसळता विसळता, मोजे जुळवता जुळवता, पिपाणीला शी धुवायला नेताना. त्याला रडू आलं नाही. तो वाट बघत राहिला. एकदा तिने ओल्या हाताने त्याच्या शर्टाची बाही धरली आणि म्हणाली, "तुला काहीच कसं वाटत नाही रे?" त्याला म्हणायचं होतं की मलाही हेच विचारायचंय. पण "वाटतं गं" असं तो म्हणाला, आणि तेही इतकं बेमालूम वठलं की तिने बाही सोडून दिली. पुढे तिचं रडणं थांबलं. घर चालू लागलं. दूध आणायचं, बिलं भरायची, सीट फिरवायची. बायको या गोष्टींबद्दल बोलायची, तो उत्तर द्यायचा, आणि दोघांच्या बोलण्यात काडीचीही खोट काढता आली नसती. मोठी सीट मात्र आणायची राहून गेली. ती आणायचा विषय कुणी काढला नाही, कारण ती आणली असती तर ही मोकळी झाली असती, आणि मोकळी सीट ठेवणार कुठे.

रविवारी त्याने सीट फिरवली नाही. सोमवारी सकाळी, पिपाणीला खाली आणण्यापूर्वी, त्याने सीटमधली मऊ गादी काढून घेतली. ती काढली की मूल एक बोटभर खाली बसतं. पिपाणी म्हणाली, "टोचतंय." तो म्हणाला, "बोकोबाने नेली गादी. त्याच्याकडे पाहुणे आलेत." ती हसली. वाटेत त्याला कळत होतं की आपण करतोय ते चूक आहे, नुसतं चूक नाही, भयंकर आहे. गाडी आदळली तर जे डोकं कवचाच्या आत राहायला हवं ते त्याच्या बाहेर जाईल. हे वाक्य त्याने मनात पूर्ण, व्याकरणशुद्ध म्हणून बघितलं. मग दुसऱ्यांदा म्हणून बघितलं. आता तरी भीती वाटेल म्हणून तो वाट बघत थांबला, पण सिग्नल सुटला आणि मागच्याने हॉर्न दिला. मंगळवारी तो तसाच गेला. बुधवारीही. मुलीच्या मानेपेक्षा आपला चेहरा तिच्यापासून झाकलेला राहणं आपल्याला मोलाचं वाटतं आहे, असं त्याच्या मनात आलं, आणि तेही बातमीसारखं आलं नि गेलं.

बुधवारी संध्याकाळी बायको बाजार करून आली. पिशव्या ठेवायला तिने डिकी उघडली आणि वर आली ती गादी हातात घेऊन.

"हे काय आहे?"

"धुवायला काढली होती. सांडलं होतं तिने काहीतरी."

बायकोने गादी नाकाशी नेली, उलटीसुलटी करून बघितली. ती स्वच्छ होती. तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं तेव्हा तो भाजीची पिशवी रिकामी करत होता, पाठमोरा. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं असं नाही, पण काहीतरी झालं असतं. तिने चपला घातल्या आणि ती खाली गेली. बऱ्याच वेळाने वर आली तेव्हा तिच्या बोटांची सालपटं निघून रक्त येत होतं. सीटचे पट्टे ओढून घट्ट करताना असं होतं, त्याला माहीत होतं. त्याने मलम काढून दिलं. तिने ते लावलं. पिपाणी मध्येच येऊन म्हणाली, "आई, फुंकर घालू?" आणि तिने घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाली आला तेव्हा बायको पिपाणीचा पट्टा लावून निघालेली होती. "मी आवरते, उशीर झालाय मला," एवढं म्हणून ती लिफ्टकडे गेली. तो गाडीत बसला. आरसा सारखा करायला हात वर नेला आणि आरशात पिपाणी होती. सबंध. कपाळ, भुवया, नाकाखालचा वाळलेला शेंबूड, पुढच्या दातांमधली फट. घरात तो तिला रोजच बघायचा, जेवताना, आंघोळ घालताना. पण गाडीत बसलेली पिपाणी कशी दिसते हे त्याला बऱ्याच दिवसांत ठाऊक नव्हतं. ती मागच्या सीटच्या मधोमध, आंबलेले पाय शेवटी मोकळे सोडून, दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवून बसली होती आणि समोरच्या काचेतून येणारं सगळं जग आधाशासारखं बघत होती. गाडी उतारावरून वर निघाली, उजेडात आली. "अगंबाई," ती सासूबाईंसारखी म्हणाली. "रस्ता येतोय."

बसथांबा गेला, पेट्रोलपंप गेला. आज बोकोबाला सुट्टी देऊन टाकावी असा विचार त्याच्या मनात आला, पण पिपाणीच म्हणाली, "बोकोबाचा फोन नाही आला?" आणि ज्या यंत्राला सवय झालेली असते ते आपोआप चालू होतं.

"हॅलो," बोकोबा खेकसला. "कोणी आहे का तिथे? का सगळे चहाला गेले?"

पिपाणी हसली. हसता हसता तिने आरशात बघितलं. बोकोबा सांगत होता की आज यंत्राने हद्द केली, आज त्याच्या अंगावरचे पट्टेच धुऊन निघाले आणि आता त्याला कुणी बोका म्हणायला तयार नाही. आणि पिपाणी आरशात बघत होती. तिचं हसू एकदम गेलं नाही. आधी ते जागच्या जागी राहिलं, मग डोळ्यांतून गेलं, मग तोंडातून. तिने मान वाकडी करून त्याच्या सीटच्या मागे बघितलं. मग पुन्हा आरशात.

"बाबा," ती म्हणाली, "बोकोबा कुठून बोलतो?"

"माझ्या तोंडातून."

"नाही. तू तर असा आहेस."

"कसा?"

"असा," ती म्हणाली, आणि तिने करून दाखवलं. गाल खाली सोडले. डोळे समोर कुठेतरी एका जागी नेऊन ठेवले. ओठ मिटले, पण पुरते नाही. चार वर्षांच्या तोंडावर ते इतकं हुबेहूब आलं की त्याचा पाय ब्रेकवर गेला. आणि मग त्या तोंडातून, त्या गालांची एक रेषही न हलता, गोड, उत्साही, ठणठणीत आवाज आला: "नमस्कार. काय तक्रार आहे आपली?"

तिला ते जमत होतं. जमतंय हे तिच्याही लक्षात आलं होतं, म्हणून तिने ते पुन्हा केलं.

त्याला भीती वाटली. इतके दिवस ज्या भीतीची तो सिग्नलला वाट बघत बसला होता ती आता सरळ येऊन ठेपली, थंड, साधी, जुन्या ओळखीची. त्याने गाडी कडेला घेतली. एका बंद दुकानासमोर ती उभी राहिली, मागची माणसं हॉर्न वाजवून वाजवून पुढे गेली. त्याने इंजिन बंद केलं.

"पोचलो?" पिपाणीने विचारलं.

"नाही." त्याने आवाज काढायला बघितला, कुठलाही, बोकोबाचा, ऑफिसचा, एकही सापडेना. "पिपाणी, तसं तोंड नको करू."

"का? तू करतोस."

"मीही नाही करणार."

यावर तिने थोडा विचार केला. "तुला बरं नाहीये का?"

"नाही बहुतेक."

"आईला सांगितलंस?"

तिच्या दृष्टीने हा साधा प्रश्न होता. दुखलं, लागलं, पोटात कळ आली की आधी हेच विचारतात. मग ती खिडकीतून बाहेर बघू लागली. बाहेर एक माणूस शिडी धरून उभा होता आणि दुसरा शिडीवर चढून पाटीची धूळ पुसत होता. तिच्या बाबाने गाडी सुरू करून मागे वळवली.

"पाळणाघर तिकडे आहे," पिपाणी म्हणाली.

"माहितीय."

घराचं दार बायकोने उघडलं तेव्हा तिचे केस अर्धे विंचरलेले होते आणि कंगवा हातात होता. त्याच्या कडेवर पिपाणी, पिपाणीचा एक बूट वाटेत गळालेला. "काय राहिलं?" बायकोने विचारलं, आणि मग तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो दारातच उभा राहिला. पाठ फिरवायला जागा होती, जिना मागेच होता.

"मी बघितलं होतं त्याला," तो म्हणाला. आवाज घोगरा, बेसूर, मध्येच फाटलेला होता. कोणत्याही गिऱ्हाइकाने फोन ठेवून दिला असता. "दवाखान्यात. तू झोपली होतीस. मी नाही म्हणालो, पण बघितलं होतं."

कंगव्याचे दात बायकोच्या तळव्यात रुतलेले दिसत होते. पिपाणी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. जिन्यात खालच्या मजल्यावरचं कुणीतरी किल्ल्या वाजवत उतरलं, बाहेरचं दार आपटलं.

"कसा होता?" बायकोने विचारलं.

त्याच्या गालावरून काहीतरी ओघळलं आणि पिपाणीने ते बोटाने पुसून बघितलं.

"लांब होता गं," तो म्हणाला. "त्या गुंडाळलेल्या कपड्यात मावत नव्हता. पाय बाहेर येत होते. उंच झाला असता."